रोजच्या गाडीला घाटात दम कसा आणावा? खर्च मर्यादित, रस्ता कोकणातला

कातळसडा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, १.२ लिटरचे इंजिन, पाच गिअर, व्हीएक्सआय मॉडेल. गाडी रत्नागिरीजवळच्या गावात असते, रोज शहरात कामाला जाण्यासाठी वापरली जाते आणि अधूनमधून आंबा घाटातून कोल्हापूरला जाते. मी एकटा असतो तेव्हा गाडीबद्दल काहीही तक्रार नसते. परंतु घरची पाच माणसे, मागे सामान आणि वर एसी चालू अशा स्थितीत साखरप्याच्या पुढे चढ सुरू झाला की गाडी ओढत नाही, आणि ट्रकच्या मागे अडकल्यावर पुढचा रस्ता मोकळा दिसत असूनही पुढे काढण्याचे धाडस होत नाही.

एका दुकानात चौकशी केली तेव्हा मला चार गोष्टी सुचवण्यात आल्या: इंजिनाच्या कॉम्प्युटरचे रिमॅपिंग (म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमधली आकडेवारी बदलणे), शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि ॲक्सिलरेटरला जोडायचा एक छोटा बॉक्स. चारही मिळून खर्च माझ्या तीस हजारांच्या मर्यादेबाहेर जातो, त्यामुळे यातले काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवायचे आहे. शर्यत लावायची नाही, आवाज वाढवायचा नाही. भरलेली गाडी घाट नीट चढली आणि तितक्याच नीट उतरली, तर मला पुरेसे आहे. अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वंगण

आपण शेवटच्या वाक्यात 'उतरली' हा शब्द घातलात, हे फार बरे केलेत. बहुतेक चर्चा चढण्यावरच संपतात. त्याकडे नंतर येऊ. आधी थोडे गणित मांडतो, कारण त्याशिवाय दुकानदाराच्या बोलण्यातले खरे किती आणि फुगवलेले किती हे कळत नाही.

आपल्या गाडीचे इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ८३ पीएस (अश्वशक्ती) आणि ४२०० आरपीएमला ११३ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. ४२०० फेऱ्यांना ११३ एनएम, याचा अर्थ सुमारे ६७ पीएस. हेच इंजिन १८०० फेऱ्यांवर चालत असेल आणि तिथला टॉर्क उदारपणे १०० एनएम धरला, तरी हातात येतात फक्त २५ पीएस. आता भरलेल्या गाडीचे वजन १२५० किलो धरा, चढ शंभर मीटरला सहा मीटर धरा आणि वेग ताशी ४० किलोमीटर. निव्वळ वजन वर उचलायलाच सुमारे ११ पीएस लागतात. त्यात टायरचे घर्षण, हवेचा अडथळा, गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद आणि एसी कॉम्प्रेसरचे तीन-चार पीएस मिळवले, की २५ पैकी शिल्लक किती उरते ते पाहा. वेग वाढवायला ताकदच उरत नाही, आणि आपण म्हणतो की गाडीत दम नाही. दम गाडीत असतो, पण तो ३००० फेऱ्यांच्या वर असतो आणि आपण तिसऱ्या गिअरमध्ये १८०० वर त्याची वाट पाहत बसतो.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. चढ लागण्याआधीच दुसऱ्या गिअरमध्ये या, काटा ३००० ते ४५०० च्या दरम्यान ठेवा आणि आवाजाला घाबरू नका. आपल्याकडे 'इंजिन ओरडले की खराब होते' ही समजूत पक्की बसलेली आहे. गरम झालेल्या, तेल व्यवस्थित असलेल्या पेट्रोल इंजिनाला ४००० फेरे काहीच नाहीत. उलट वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर दाबून चालवले तर ठोके बसतात, क्लच आणि इंजिन माउंटिंग दोन्ही झिजतात. पुढे काढायचे असेल तेव्हा अर्ध्या मिनिटासाठी एसी बंद करणे हाही त्यातलाच भाग आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. १२५० किलोमधून ५० किलो कमी झाले, तर चढावर लागणारी ताकद चार टक्क्यांनी घटते. साध्या, टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाच्या रिमॅपिंगमधून मिळतात पाच ते आठ टक्के, तेही सगळे जुळून आले तर. डिकीत कायमचे पडलेले जॅकचे दोन संच, पाण्याचे कॅन, गेल्या हंगामातल्या रिकाम्या आंब्याच्या पेट्या आणि छतावरचे न वापरलेले कॅरिअर एकदा काढून पाहा. हे लिहिताना मला हसू येते आहे, पण आकडे आकडेच असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सात-आठ वर्षे किनाऱ्यावर राहिलेली गाडी कारखान्यातून निघाली तशी राहिलेली नसते. तिची जी ताकद वाटेत हरवली आहे ती आधी परत मिळवावी. कुडाळकडे एक मेकॅनिक आहेत, ते अशा गिऱ्हाइकाला एवढेच सांगतात: "आधी गाडी होती तशी करून घेवा, मगे काय ता बघूया."

कातळसडा

गणिताबद्दल मनापासून आभार. ताकद हरवते म्हणजे नेमकी कुठे हरवते, हे जरा विस्ताराने सांगाल का? सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेले आहे.

वंगण

सर्व्हिसिंगमध्ये तेल आणि फिल्टर बदलले जातात. चाक मोकळे फिरते की नाही हे बहुधा कोणी पाहत नाही. समुद्राजवळच्या गाड्यांमध्ये पहिला संशय ब्रेकवर घ्यावा. खारी हवा आणि चार महिने ओल, यामुळे कॅलिपर (ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजतात, त्यांतले ग्रीस सुकते आणि पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल अशीच अडकते. गाडी थोडी ब्रेक लावूनच चालत असते आणि चालकाला ते जाणवत नाही, कारण हा बदल हळूहळू होत गेलेला असतो.

तपासणे सोपे आहे. सपाट रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही चाकांच्या रिमच्या मध्याजवळ हात न्या. स्पर्श करण्याची घाई करू नका, धग आधीच कळते. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर ते घासते आहे. खात्रीसाठी गाडी जॅकवर घेऊन, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे; पुढच्या चाकाला थोडा जडपणा असतो, पण अडकून थांबता कामा नये. पिना काढून, पॉलिश पेपरने साफ करून, ब्रेकसाठीचेच उष्णता सोसणारे ग्रीस लावले की काम होते. साधे ग्रीस लावले तर पिनांवरचे रबरी बूट फुगतात आणि दुखणे दुप्पट होते.

यानंतर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग. तिच्या झडपेभोवती काळा थर साचतो. तो साफ केल्यावर पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर फारसा फरक पडत नाही, परंतु हलक्या पायावर गाडी गचके देत असेल तर ते थांबते. स्पार्क प्लग निकेलचे असतील आणि बरेच चालले असतील तर बदलावेत. इरिडियम प्लगने ताकद वाढते असे सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नका. ते जास्त टिकतात, इतकेच. एअर फिल्टर कंपनीचाच कागदी घ्या, मात्र आपल्याकडच्या जांभ्याच्या धुळीत तो कंपनीच्या वेळापत्रकाआधी बदला. उन्हाळ्यात मातीच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा फिल्टर उघडून आपटला तर खाली तांबड्या मातीची रांगोळी पडते.

शक्य असेल तर ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल घ्या. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि फोनवर इंजिनाचे आकडे दिसतात. त्यातला 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' पाहा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. तो शून्याच्या आसपास, फार तर पाच-सहा टक्के इकडेतिकडे असेल तर इंजिन निरोगी आहे. सतत अधिक दहाच्या वर असेल, तर कुठेतरी जास्तीची हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पोचते आहे, आणि अशा गाडीवर रिमॅपिंग करणे म्हणजे तापातल्या माणसाला पळायला लावणे होय.

चाकरमानी_ठाणे

वंगण यांच्या मताशी बव्हंशी सहमत आहे, परंतु रिमॅपिंगला सरसकट निकालात काढू नये. माझी गाडी जुनी डिझेल स्विफ्ट आहे, १.३ लिटरची, कंपनीकडून ७५ पीएस आणि १९० एनएम. टर्बो असलेल्या इंजिनात हवेचा दाब कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे तो दाब आणि डिझेल थोडे वाढवले की वीस-पंचवीस टक्के फरक खरोखर पडतो. कुंभार्ली घाट मी तिसऱ्या गिअरमध्ये जिथे रडतखडत चढत असे, तिथे आता गाडी खेचून नेते. साध्या पेट्रोल इंजिनात वातावरणाचा दाब आहे तितकाच आहे. सॉफ्टवेअर तो कसा वाढवणार? म्हणून धागाकर्त्यांनी ते करू नये, हे मान्य.

डिझेलवाल्यांसाठी सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगतो. २००० फेऱ्यांच्या खालचा टर्बोचा आळस रिमॅपिंगने कमी होतो, जात नाही. आणि वाढलेला टॉर्क सर्वांत आधी क्लच प्लेटवर येतो. माझ्या गाडीत काही महिन्यांनी चौथ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर फेरे वर जात आणि वेग तिथेच राही. क्लच बदलावा लागला आणि 'स्वस्तातली' ताकद महाग पडली. ज्यांचा क्लच अर्धा संपलेला आहे, त्यांनी त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

सुसाट_दापोली

एवढे पुराण कशाला? मी शंकूचा उघडा फिल्टर लावला आहे, गाडीचा आवाजच बदलला, पिकअप जाणवतो. अनुभव हाच पुरावा.

वंगण

आवाज बदलतो हे खरे आहे, आणि आवाज बदलला की पिकअप वाढल्यासारखा वाटतो हेही खरे आहे. परंतु कंपनीच्या फिल्टरची नळी पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा घेते, तर उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ३० अंशांऐवजी ५५ अंशांची हवा आत गेली, तर तिची घनता साडेसात टक्क्यांच्या आसपास कमी होते आणि इंजिनाला तितकाच प्राणवायू कमी मिळतो. घाटात, संथ वेगात, बॉनेटखाली हवा खेळत नसताना हे सर्वाधिक घडते. म्हणजे नेमकी जिथे ताकद हवी, तिथेच ती जाते.

दुसरा मुद्दा आपल्या पावसाचा. ओढ्याचे पाणी रस्त्यावर आलेले असताना खालच्या बाजूला बसवलेला उघडा फिल्टर पाणी ओढू शकतो. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. तेल लावलेले धुण्याचे फिल्टर वापरणाऱ्यांनीही तेल बेताचे लावावे, कारण ज्या गाड्यांत हवा मोजणारी तार असते तिच्यावर ते तेल बसून आकडे चुकतात.

सुसाट_दापोली

गरम हवेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. डोंगलवर इनटेक, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचे तापमान दिसते का?

वंगण

दिसते. बाहेरच्या तापमानापेक्षा ते किती वर राहते, ते घाट चढताना शेजारच्या माणसाला वाचायला सांगा. चालवणाऱ्याने फोनकडे पाहू नये.

खाडीकाठची

या धाग्यात अजून टायरचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटते. मी देवगड ते कोल्हापूर हा प्रवास वर्षभर करते, करूळ घाटातून किंवा तो बंद असेल तर फोंडा घाटातून, आणि माझ्या मते तीस हजारांतला मोठा वाटा टायरवर आणि ब्रेकवर गेला पाहिजे. इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत चार तळहाताएवढ्या रबराच्या तुकड्यांतूनच पोचते. ओल्या वळणावर, पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दाबली आणि आतले चाक जागच्या जागी फिरले, तर तुमच्याकडे ८३ पीएस असोत की १८३, उपयोग सारखाच.

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक लंबगोल शिक्का असतो. '२३१८' याचा अर्थ २०१८ सालचा तेविसावा आठवडा. कातळसडा, तुमच्या गाडीला अजून मूळचेच टायर असतील, तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी रबर कडक झालेले असणार. नक्षीच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात, तिथपर्यंत टायर झिजला की तो कायद्याने संपला. कोकणच्या पावसासाठी मी तो ३ मिलिमीटरलाच संपला असे धरते, कारण खाचांनी पाणी बाहेर फेकले नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो.

तुमच्या मॉडेलला १६५/८० आर१४ हे माप येते. वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीच १८५/६५ आर१५ देते. दोन्ही मापांचा एकूण व्यास जवळजवळ सारखा, अनुक्रमे साधारण ६२० आणि ६२१ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. पण त्यासाठी पंधरा इंची रिम घ्याव्या लागतील. तुमच्याच रिमवर १८५/७० आर१४ बसतो, व्यास सुमारे ६१५ मिलिमीटर, आणि रस्त्यावर टेकणारी रुंदी वाढते. एव्हरेज किंचित घटेल, स्टिअरिंग किंचित जड होईल. ओल्या वळणावर मिळणाऱ्या भरवशापुढे मला हा सौदा स्वस्त वाटतो. त्याहून रुंद टायरच्या मोहात पडू नका, कारण ८३ पीएसच्या इंजिनाला ते जड चाक फिरवावे लागते, आणि रुंद टायर पातळ पाण्यावर लवकर तरंगतो.

आता उतरण्याविषयी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, हा त्याचा गुणधर्मच आहे. नवे डॉट ३ ऑइल ('डॉट' ही ब्रेक ऑइलची प्रतवारी) किमान २०५ अंशांना उकळते, ओल शोषलेले १४० अंशांना. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की उष्णता ऑइलपर्यंत पोचते, त्यातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. आपल्या दमट हवेत ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे ही चैन समजू नये. झाकणावर डॉट ३ लिहिलेले असेल तरी डॉट ४ चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे, पूर्णपणे वेगळे असते, ते कधीही घालू नये. खर्च एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या जेवणाएवढासुद्धा येत नाही, तरी सर्व्हिसिंगच्या यादीतून लोक नेमके हेच काम गाळतात.

आणि उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. त्याने पेट्रोल वाचत नाही. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिने पेट्रोलचा पुरवठा बंदच करतात, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जाळावे लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे.

कागदपत्रे_आधी

कायद्याची बाजू थोडक्यात नोंदवून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. मोकळा सायलेन्सर आवाजाच्या आणि प्रदूषणाच्या कलमांतही अडकतो. त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढला, तर पीयूसीलाही अडचण येते. शिवाय लहान साध्या इंजिनात मोकळ्या सायलेन्सरने खालच्या फेऱ्यांचा टॉर्क बहुधा घटतोच, म्हणजे दंड भरून घाटातला दम कमी करून घेण्यासारखे आहे.

प्रत्यक्षात जास्त दुखते ते विम्याचे. इंजिनातले बदल कंपनीला कळवलेले नसतील, तर अपघातानंतर दावा नाकारण्यास किंवा कापण्यास तिला कारण मिळते. टायर बदलताना कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलला दिलेले माप घेतले, तर वादाला जागा राहत नाही. खाडीकाठची ताईंनी सुचवलेल्या दोन मापांपैकी मी त्यामुळे पंधरा इंचीकडे झुकेन.

खाडीकाठची

मुद्दा रास्त आहे. नव्या रिम महाग पडत असतील, तर वरच्या मॉडेलच्या मालकांनी दुसरी चाके बसवताना काढलेल्या मूळ पंधरा इंची रिम शोधाव्यात, मोठ्या शहरांत मिळतात. घेण्याआधी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहाव्यात. आपल्या महामार्गाने चारपैकी एक तरी रिम वाकवलेली असतेच.

रापण

माझ्याकडे सीएनजी बसवलेली वॅगनआर आहे. आंबोली घाटात ती फारच मंदावते. तिच्यासाठी काही उपाय?

वंगण

वायू सिलिंडरमधली जागा व्यापतो, तितकी हवा कमी आत जाते, म्हणून सीएनजीवर सर्वसाधारणपणे दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक ताकद कमी मिळते; त्यात टाकीचे वजन मागे असते. चढ सुरू होण्याच्या एखाद-दोन किलोमीटर आधी पेट्रोलवर या आणि माथा गाठल्यावर पुन्हा गॅसवर जा. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे झिजलेले प्लग पेट्रोलवर जाणवत नाहीत पण गॅसवर लगेच जाणवतात. प्लग आणि कॉइल आधी पाहा. आणि मागे सदैव टाकीचे वजन असल्याने मागच्या टायरची हवा पुस्तिकेतल्या भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे ठेवा.

चाकरमानी_ठाणे

रात्रीच्या प्रवासाविषयी एक पुरवणी जोडतो. गणपतीला निम्मे कोकण रात्रीच घाट उतरते, आणि दिसत नसेल तर चालक आपोआप मंदावतो. जुन्या गाडीत हेडलाइटपर्यंत पोचणारा व्होल्टेज तारा आणि स्विच यांतून गळतो. साडेतेराऐवजी बारा व्होल्ट पोचले, तर हॅलोजनचा प्रकाश जवळपास एक तृतीयांशाने घटतो. रिले (बॅटरीची वीज थेट दिव्याला जोडणारा स्विच) असलेले चांगल्या तारेचे हार्नेस आणि मूळच्याच ६०/५५ वॉटचे चांगले बल्ब, एवढ्याने रस्ता उजळतो. साध्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचे बल्ब कोंबू नयेत. धुक्यात आपल्यालाच काही दिसत नाही आणि समोरचा आंधळा होतो.

कातळसडा

सर्वांचे आभार. सुचवल्याप्रमाणे क्रमाने कामे केली, त्याचा वृत्तांत देतो.

रिमजवळ हात नेल्यावर पुढचे डावे चाक बाकीच्यांपेक्षा बरेच गरम लागले. चाक काढल्यावर कॅलिपरची खालची पीन हाताने हलेना. मेकॅनिकने ती फिरवत फिरवत बाहेर काढली तेव्हा तिच्यावर तांबूस पूड आणि चिकट झालेले ग्रीस होते, आणि त्या बाजूचा आतला पॅड झिजून बाहेरच्यापेक्षा जवळपास निम्म्याने पातळ झालेला होता. दोन्ही बाजूंच्या पिना साफ केल्या, पुढचे पॅड नवे घातले, ब्रेक ऑइल डॉट ४ भरले. प्लग आणि एअर फिल्टर बदलले. थ्रॉटल बॉडी साफ केली. डोंगलवर फ्युएल ट्रिम अधिक तीनच्या आसपास आहे, म्हणजे इंजिनाची चिंता नाही.

सामान कमी केले, माणसे तीच. साखरप्यापुढे दुसऱ्या गिअरमध्ये काटा ३५०० वर ठेवला, तेव्हा आईने मागून "गाडीला काय झाले, एवढी का ओरडते?" असे विचारले, परंतु चढावर दूधाचा टँकर पुढे होता, तो सरळ रस्ता मिळताच मी एसी बंद करून सहज मागे टाकला. मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आता पूर्वीपेक्षा बरीच लांब घरंगळत जाते. यातला किती वाटा कॅलिपरचा आणि किती गिअरचा, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. माझा अंदाज निम्मा-निम्मा असा आहे.

आतापर्यंतचा खर्च मर्यादेच्या चतुर्थांशातच बसला आहे. टायर २०१८ चेच निघाले, त्यामुळे उरलेले पैसे तिकडे वळवतो. पंधरा इंची चार चांगल्या रिम अद्याप मिळालेल्या नाहीत आणि पाऊस तोंडावर आहे, म्हणून तूर्त जुन्याच रिमवर १८५/७० आर१४ घालावेत असा विचार आहे. रिमॅपिंग आणि तो ॲक्सिलरेटरचा बॉक्स यांचा नाद सोडला.

वंगण

त्या बॉक्सविषयी राहिलेच होते. तो पेडल अर्धे दाबले असताना इंजिनाला पाऊण दाबल्याचे सांगतो. पूर्ण दाबले की बॉक्स असलेली आणि नसलेली गाडी सारखीच. पाय थोडा अधिक दाबण्याचे पैसे वाचले, असे समजा.

कागदपत्रे_आधी

टायर घ्याल तेव्हा विमा कंपनीला ईमेलने माप कळवून ठेवा आणि पोच जपून ठेवा. काही खर्च नाही.

कातळसडा

कळवतो. शेवटची एक शंका आहे. स्टेपनी जुन्याच १६५/८० मापाची राहील. घाटात पंक्चर झाले तर ती बसवलेली चालेल का? व्यासात पाच मिलिमीटरचा फरक पडतो.

खाडीकाठची

चालेल, पण मागच्या चाकाला. पुढची चाके इंजिनाने फिरतात. तिथे दोन मापे असली तर डिफरन्शिअल (दोन चाकांच्या फेऱ्यांतला फरक सांभाळणारा भाग) सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतो आणि ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते. पुढचे चाक पंक्चर झाले, तर मागचे एक काढून पुढे लावा आणि स्टेपनी मागे घाला. काम दुप्पट होते, म्हणून जॅक टेकवायला फळीचा एक जाड तुकडा डिकीत ठेवा. घाटातल्या साइडपट्टीची भिजलेली माती जॅक गिळते. फळीचे वजन वंगण माफ करतील. वेग साठच्या आत ठेवून पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबा. आणि टायर बदलायला जाल त्याच दिवशी स्टेपनीची हवा तपासून, तिच्यावरचे ते चार आकडेही वाचा. तीसुद्धा २०१८ चीच असेल, तर काढलेल्या चारांपैकी ज्याची नक्षी सर्वांत जास्त उरली आहे तो स्टेपनीच्या जागी ठेवून उपयोग नाही, कारण तोही तेवढ्याच वयाचा आहे.